ताळेबंद: सिम्युलेशनच्या चित्रांमागचे आकडे तपासण्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

काम ठरलं. गटात एन्झो, रॅमसेस, गॅजेट आणि अरेपो अशा, दीर्घिका आणि विश्वाचं सिम्युलेशन करणाऱ्या वेगवेगळ्या कोडचे स्नॅपशॉट (एका क्षणाच्या स्थितीच्या फाइली) येतात, आणि चित्रं सगळ्यांची वायटी (yt) या पायथन पॅकेजातून निघतात. चित्रं देखणी असतात, प्रश्न तो नाही. दीर्घिकेच्या चित्रातल्या एखाद्या पिक्सेलवर बोट ठेवून "इथे चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम वायू आहे आणि हे कशावरून?" असं कुणी विचारलं, की उत्तर द्यायला अर्धा दिवस जातो. त्यासाठी वायटीच्या वर बसणारा एक छोटा तपासणी-संच लिहायचा. फोल्डरला नाव दिलंय 'ताळेबंद'. मुख्य नियम एकच: चित्रातल्या सगळ्या पिक्सेलांची स्तंभघनता (दृष्टिरेषेवरचं सगळं वस्तुमान, दर चौरस सेंटिमीटरला) गुणिले पिक्सेलचं क्षेत्रफळ, यांची बेरीज त्या भागातल्या वस्तुमानाशी जुळली पाहिजे. आणि ते वस्तुमान दुसऱ्या वाटेनं काढलेलं हवं, त्याच फंक्शनला पुन्हा विचारून नाही.

वायटीच का, हे नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. मॅथ्यू टर्कने ते एन्झोच्या डेटासाठी सुरू केलं. २०११ साली त्यावर शोधनिबंध आला तोवर ते अनेक कोडचा डेटा वाचू लागलं होतं. बीएसडी परवाना आहे, सगळा कोड उघडा आहे. मोठा फायदा असा की 'या केंद्राभोवती ५० किलोपार्सेकचा गोल घे, त्यातल्या वायूची घनता दे' ही ओळ कोणत्याही कोडच्या डेटावर तशीच चालते. फाइलीच्या आत ग्रिड आहे (जागेचे चौकोनी सेल), ऑक्ट्री आहे (सेलचे पुन्हापुन्हा आठ तुकडे) की कण आहेत, याची चिंता ते करतं. धोकाही नेमका तिथेच आहे: चिंता दुसरा करतोय म्हटल्यावर आपण फाइलीच्या आत डोकावणं सोडून देतो.

८ जानेवारी

आवृत्त्या गोठवल्या. वायटीची ४ मालिका, सोबत नमपाय (अॅरेंचं गणित) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख) यांच्या ठरलेल्या आवृत्त्या. जुन्या स्क्रिप्ट चालवणाऱ्यांसाठी: आवृत्ती ३ मध्ये एसपीएचचे (वायू कणांच्या रूपात मांडणाऱ्या पद्धतीचे) कण आधी एका ऑक्ट्रीवर टाकले जात आणि चित्र त्यावरून निघे. २०२१ साली आलेल्या ४.० पासून कण थेट त्यांच्या स्मूदिंग कर्नलनुसार (कणाचं वस्तुमान भोवती कसं पसरायचं ते सांगणारं फंक्शन) चित्रावर पसरवले जातात. त्यामुळे जुन्या लेखातलं एसपीएचचं चित्र आजच्या चित्राशी पिक्सेलला पिक्सेल जुळणार नाही. जुळवायचा हट्ट धरू नये.

१३ जानेवारी

पहिली तपासणी खऱ्या डेटावर करायची नाही, असं ठरवलं. उत्तर आधीच माहीत असलेला खेळण्यातला डेटासेट हवा. मेमरीतल्या अॅरेंपासून एएमआर (गरजेच्या जागीच ग्रिड बारीक करायची पद्धत) डेटासेट उभा करायची सोय वायटीत आहे, ती वापरली. बाजू १ असलेला घन, मूळ ग्रिड ६४ गुणिले ६४ गुणिले ६४. मधोमध अर्ध्या बाजूचा भाग एक पातळी बारीक केला, म्हणजे एकूण आकारमानाचा आठवा हिस्सा. बाहेर घनता १, आत १०.

खरं वस्तुमान तोंडी निघतं: बाहेरचे ७/८ अधिक आतले १०/८, म्हणजे २.१२५. आता फाइल सरळ उघडून सगळ्या ग्रिडमधल्या सगळ्या सेलची बेरीज केली तर येतात ३.३७५. कारण बारीक ग्रिड ज्या भागावर बसते, तिथे मूळ ग्रिडचे जाड सेलही आपले आकडे सांभाळून असतात. एन्झोच्या फाइलीत हेच असतं. रॅमसेसमध्येही ज्या सेलचे पुढे आठ तुकडे झाले त्याची किंमत फाइलीत राहते, म्हणून फक्त टोकाचे सेल मोजायचे असतात.

इथे गोम अशी की ही दुहेरी मोजणी सगळीकडे सारखी पसरत नाही. बारीक ग्रिड दाट जागीच बसते, म्हणजे वस्तुमान जिथे जास्त तिथेच ते दोनदा, तीनदा, पातळ्या वाढतील तसं आणखी कितीदा मोजलं जातं. घनतेचा आलेख मग मध्यभागी सुरेख टोकदार होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय छान केंद्र सापडलंय!

वायटीचे डेटा ऑब्जेक्ट झाकलेले सेल आपोआप वगळतात. पण ताळेबंदाला दुसरी वाट हवी, म्हणून एचडीएफ५ फाइल (मोठे अॅरे साठवायचा फाइल-प्रकार) थेट वाचून झाकलेल्या सेलचा मुखवटा स्वतः लिहिला. प्रत्येक ग्रिडच्या डाव्या-उजव्या कडा घ्यायच्या, पुढच्या पातळीची कोणती ग्रिड तिच्यावर येते ते पाहायचं, तेवढे सेल शून्य करायचे. हळू चालतं. चालू दे, तपासणी रोज थोडीच करायची आहे! दोन्ही वाटांनी २.१२५.

१६ जानेवारी

एका सहकाऱ्याला संपूर्ण पेटी एकसारख्या घन अॅरेत हवी होती, मशीन लर्निंगसाठी. नकार देण्याआधी हिशेब करून दाखवला. मूळ ग्रिड बाजूला १२८, वर ८ पातळ्या, प्रत्येक पातळीला दुप्पट. सर्वांत बारीक विभेदन बाजूला ३२,७६८. त्याचा घन गुणिले ८ बाइट म्हणजे एका फील्डला (घनता, तापमान अशा एका राशीला) सुमारे २८१ टेराबाइट. एएमआरचा जन्मच हा खर्च टाळण्यासाठी झाला. बर्जर आणि ओलिगर यांचा मूळ लेख १९८४ चा, पण हा मोह अजून जात नाही.

तडजोड: एकेका हॅलोभोवती (दीर्घिकेला वेढणारा कृष्णद्रव्याचा गोळा) ५१२ च्या घनाचा तुकडा. फील्डमागे बरोबर १ गिबिबाइट. तुकडा काढताना बारीक सेलची सरासरी घ्यायची की जाड सेलच्या किमती तशाच पसरायच्या, हे स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहायचं.

गोल किंवा चौकोनी भाग 'तयार' केला की डेटा वाचला जात नाही, हेही पुन्हा सांगावं लागलं. फील्ड मागितली की मगच वाचन, तेही तुकड्यातुकड्यानं. त्यामुळे दोनशे गोल बनवणं फुकट आहे. दोनशे गोलांची घनता धरून ठेवणं फुकट नाही.

२१ जानेवारी

एककं. हा दिवस सगळ्यांनाच नकोसा असतो.

गॅजेट-पद्धतीच्या फाइलीत लांबी सहगामी (विश्वाचं प्रसरण वगळून मोजलेले) किलोपार्सेक भागिले एच (हबल स्थिरांक भागिले १००), वस्तुमान १० अब्ज सूर्यवस्तुमान भागिले एच, अशी येते. इलस्ट्रिस टीएनजीच्या (अरेपोनं केलेलं मोठं सिम्युलेशन) टीएनजी१०० पेटीची बाजू फाइलीत ७५,००० दिसते. एच ०.६७७४ धरला तर ती सुमारे ११०.७ मेगापार्सेक. घनतेत एचचा वर्ग येतो: वस्तुमानात एकदा भागलेला, लांबीच्या घनात तीनदा. तो गाळला तर घनता २.१८ पटींनी चुकते. शिवाय सहगामी लांबी भौतिक करायला स्केल फॅक्टर (आजच्या तुलनेत विश्वाचा आकार). रेडशिफ्ट (काळ किती मागचा याचं माप) २ वर तो १/३, म्हणजे घनतेत २७ पट. वेगाला स्केल फॅक्टरचं वर्गमूळ लागतं. ते का, हे गॅजेटच्या मूळ समीकरणांत आहे, इथे उगाळत बसत नाही.

वायटी या सगळ्याला एककांची पाटी लावून देतं. कोडचं आपलं एकक, सहगामी किलोपार्सेक आणि साधं किलोपार्सेक, तिन्ही वेगळी ओळखली जातात आणि एकमेकांत बदलता येतात. एककांचा हा भाग पुढे 'युनिट' नावानं स्वतंत्र पॅकेज झाला, तो खगोलशास्त्राबाहेरही वापरता येतो. लांबीत वस्तुमान मिळवायला गेलं तर तो सरळ अडवतो.

पण पाटी दारातच लागली पाहिजे. एचडीएफ५ मधून उचललेला नुसता अॅरे बिनएककाचा असतो. त्याला कुणी 'किलोपार्सेक' अशी पाटी लावली आणि आतला एच तसाच राहिला, तर पुढची सगळी यंत्रणा त्या चुकीच्या पाटीला प्रामाणिक राहते. म्हणून ताळेबंदात दुसऱ्या वाटेचे सगळे रूपांतर-गुणक एकाच फाइलीत, प्रत्येकाशेजारी एच आणि स्केल फॅक्टरचे घात लिहून.

२७ जानेवारी

तापमान. ते फाइलीत नसतं; अंतर्गत ऊर्जा असते. तापमान काढायला रेणूंचं सरासरी वस्तुमान, म्हणजे म्यू, लागतं. हायड्रोजनचा वाटा ०.७६ धरला तर उदासीन वायूसाठी म्यू १.२२ आणि पूर्ण आयनीभूत वायूसाठी ०.५९. अंतर्गत ऊर्जा १०० गुणिले (किलोमीटर प्रति सेकंद)चा वर्ग घेतली आणि गॅमा (विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) ५/३, तर म्यू ०.५९ नं तापमान सुमारे ४,८०० केल्विन येतं, १.२२ नं सुमारे ९,९००. त्याच कणाचं! दहा हजार केल्विनच्या आसपास वायू थंड होतो की नाही हे ठरतं, त्यामुळे दुपटीचा फरक तिथे किरकोळ नाही.

टीएनजीच्या फाइलीत इलेक्ट्रॉनांचं प्रमाण दिलेलं असतं, त्यावरून प्रत्येक सेलचा म्यू काढायचा. स्थिर म्यू फक्त ती फील्ड नसेल तेव्हा, आणि तेव्हा लॉगमध्ये मोठ्या अक्षरांत इशारा.

आणखी एक. तारे घडवणाऱ्या दाट वायूला टीएनजीत परिणामी अवस्था-समीकरण (घनतेवरून दाब ठरवणारं सूत्र) लावलेलं असतं. तिथली अंतर्गत ऊर्जा गरम आणि थंड भागांची मिळून असते, तिचं 'तापमान' म्हणजे वायूचं तापमान नव्हे. घनता-तापमान आलेखात ही एक तिरकी बारीक रेघ दिसते. ती पाहून हुरळून जाणारे दरवर्षी भेटतात. ताळेबंदात ताराजन्माचा दर शून्याहून जास्त असलेले सेल आता वेगळे पडतात, आणि त्यांचं तापमान मागितलं की आधी विचारणा होते.

३ फेब्रुवारी

तापमानाचा प्रक्षेप कसा काढायचा यावर आज गटात वाद झाला. वाद चांगला होता, म्हणून सविस्तर.

घनतेचा प्रक्षेप सोपा. दृष्टिरेषेवर बेरीज, उत्तर ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. तापमानाची तशीच बेरीज केली तर एकक येतं केल्विन गुणिले सेंटिमीटर. वायटी ते इमानदारीनं रंगपट्टीवर छापतं आणि तरीही अशी चित्रं लोकांच्या स्लाइडवर दिसतात. म्हणजे भार देऊन सरासरी घ्यावी लागते. भार कोणता?

फळ्यावर मांडलेलं उदाहरण: एका दृष्टिरेषेच्या अर्ध्या लांबीत १ कोटी केल्विनचा विरळ वायू, घनता १. उरलेल्या अर्ध्यात १ लाख केल्विनचा, घनता १००. दाब दोन्हीकडे सारखा. आकारमानानुसार सरासरी सुमारे ५० लाख केल्विन. वस्तुमानानुसार सुमारे २ लाख. घनतेच्या वर्गानुसार, म्हणजे किरणोत्सर्गाच्या ढोबळ भारानं, सुमारे १ लाख. एकाच वायूची तीन 'सरासरी तापमानं', टोकांमध्ये पन्नास पट अंतर.

एकाचं म्हणणं होतं की वस्तुमानाचा भार हाच 'खरा'. मला पटत नाही. क्ष-किरण दुर्बिणीच्या मोजमापाशी तुलना करायची असेल तर वस्तुमानाचा भार निरुपयोगी. उलट घनतेचा वर्गही पुरत नाही, कारण लाख केल्विनचा वायू त्या दुर्बिणीच्या पट्ट्यात जवळपास दिसतच नाही आणि वर्गाचा भार त्यालाच सगळ्यात जास्त वजन देतो. मग त्या ऊर्जापट्ट्यातली उत्सर्जनक्षमता हाच भार घ्यावा लागतो. आणि वायूत किती उष्णता साठली आहे हे विचारायचं असेल तर वस्तुमानाचा भार अगदी योग्य. प्रश्न बदलला की भार बदलतो.

ताळेबंदात यातून दोन गोष्टी आल्या. भार न सांगता तापमान, धातुप्रमाण किंवा वेग यांचा प्रक्षेप मागितला तर स्क्रिप्ट थांबते. आणि चित्राच्या मेटाडेटात भाराचं नाव जातं, म्हणजे सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

६ फेब्रुवारी

३२-बिट संख्या. काही फील्ड फाइलीत ३२-बिटांत असतात आणि जागा वाचवायला त्या तशाच ठेवायचा मोह होतो. सीजीएसमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद एककांत) हा मोह घातक आहे. आंतरदीर्घिकीय वायूची घनता १०च्या उणे ३०व्या घाताएवढी. तिचा वर्ग उणे ६०वा घात. ३२-बिटांत तो सरळ शून्य होतो, कुरकुर न करता. उलट बाजूला एक घन किलोपार्सेक म्हणजे १०च्या ६४व्या घाताच्या पातळीवरचे घन सेंटिमीटर. ३२-बिटांची मर्यादा ३८व्या घाताशी संपते, उत्तर अनंत. अनंत निदान दिसतं. शून्य चित्रात काळं होतं आणि काळं अवकाशात शोभून दिसतं.

बेरजेचंही तेच. ३२-बिटांत एकेक मिळवत गेलं की १,६७,७७,२१६ वर गाडी थांबते, पुढचा एक मिळवला तरी आकडा हलत नाही. नमपाय जोड्या पाडून बेरीज करतं म्हणून बहुतेकदा वाचतो; हातानं लिहिलेल्या लूपमध्ये वाचत नाही. दुसऱ्या वाटेतलं सगळं गणित ६४-बिट. विषय संपला.

११ फेब्रुवारी

कणांच्या प्रक्षेपात एक मजेदार गोष्ट सापडली, आणि तिनं आमचा मुख्य नियम अपुरा ठरवला.

२०० किलोपार्सेक रुंद चित्र, ८०० पिक्सेल. पिक्सेल २५० पार्सेकचा. केंद्रातल्या दाट कणाची स्मूदिंग लांबी समजा ५० पार्सेक. (गॅजेटमध्ये ही लांबी म्हणजे कर्नल जिथे शून्य होतं ती त्रिज्या. काही कोडमध्ये कर्नल तिच्या दुप्पट अंतरापर्यंत जातं. तुलना करताना हे आधी पाहावं.) किंमत जर फक्त पिक्सेलच्या मध्यबिंदूपाशी मोजली, तर या कणाच्या वर्तुळात मध्यबिंदू येण्याची शक्यता वर्तुळाचं क्षेत्रफळ भागिले पिक्सेलचं, म्हणजे जेमतेम १३ टक्के. आला नाही तर कण चित्रातून गायब. आला तर त्याची कोंदलेली घनता सगळ्या पिक्सेलभर पसरलेली धरली जाते, म्हणजे वस्तुमान सरासरी आठपट फुगतं.

आता गंमत. पुष्कळ कणांवर हे दोन्ही परिणाम एकमेकांना सरासरीत खातात. एकूण वस्तुमान जवळपास जुळतं! बेरजेची तपासणी पास, आणि एकेक पिक्सेल मात्र लॉटरी.

म्हणून दुसरी तपासणी जोडली. तेच चित्र चौपट विभेदनानं, ३,२०० पिक्सेलवर काढायचं, मग चार-चारचे गट करून सरासरीनं खाली आणायचं आणि मूळ चित्राशी पिक्सेलवार तुलना करायची. ६२.५ पार्सेकच्या पिक्सेलवर तोच कण सरासरी दोन मध्यबिंदू झाकतो, अंदाज बराच शांत होतो. स्वतंत्र वाटेत याहून साधा नियम ठेवला: पिक्सेलपेक्षा लहान कणाचं सगळं वस्तुमान ज्या पिक्सेलात तो पडतो त्यालाच द्यायचं. दिसायला कुरूप, पण एक ग्रॅमही हरवत नाही.

अरेपोच्या डेटाला हे आणखी लागू. तिथे कण नसतात, व्होरोनॉय सेल असतात (प्रत्येक बिंदूला त्याच्या सर्वांत जवळची जागा देणारे). वायटी सेलच्या आकारमानावरून एक लांबी काढून त्यांना कणांसारखं पसरवतं. चित्रासाठी ठीक. सेलच्या कडा जिथे महत्त्वाच्या, उदाहरणार्थ धक्कालहरीच्या पातळ थरात, तिथे हे चित्र मूळ डेटापेक्षा मऊ असतं हे लक्षात ठेवावं.

१४ फेब्रुवारी

आवर्ती सीमा, म्हणजे पेटीच्या एका कडेतून बाहेर पडलेलं समोरच्या कडेतून आत येतं. हॅलो पेटीच्या कडेवर बसला असेल तर ७५,००० च्या पेटीत त्याचे काही कण ७४,९०० वर आणि काही १०० वर. साधी सरासरी ३७,५००, म्हणजे पेटीच्या बरोबर मध्ये, जिथे कदाचित काहीच नाही. आधी एखाद्या कणाला संदर्भ धरून बाकीचे अर्ध्या पेटीच्या आत सरकवायचे, मग सरासरी. वायटीचा गोल कडेपलीकडे नीट वळतो. आपली स्वतंत्र वाट तशी वळते का, याची चाचणी लिहिली. वळते.

२० फेब्रुवारी

रंग. थोडक्यात लिहिणार होतो.

'जेट' (जुना इंद्रधनुषी रंग-नकाशा) बंद. त्यात पिवळ्या-निळसर पट्ट्यांपाशी डोळ्याला कड दिसते, डेटात ती नसते. मॅटप्लॉटलिबनं २.० पासून विरिडिस मूळ निवड केली ती याचसाठी. वायटीचा स्वतःचा 'आर्ब्र' घनतेसाठी मला आवडतो. वेगाला मात्र दोन बाजूंचा, शून्यावर फिका पडणारा नकाशा हवा, आणि शून्य खरोखर मध्यावर आलंय का ते पाहायचं. आपोआप ठरणाऱ्या मर्यादा तसं पाहत नाहीत.

चलचित्रात प्रत्येक फ्रेमची मर्यादा वेगळी ठेवणं हा माझ्या मते गुन्हा आहे. रेडशिफ्ट कमी होताना वायू खरोखर गोळा होतोय की रंगपट्टी सरकतेय, हे बघणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही. मर्यादा आधी ठरवा, सगळ्या फ्रेमना तीच लावा. लॉग प्रमाणात खालची मर्यादा म्हणजे 'याखालचं आम्ही दाखवत नाही' असा निर्णय असतो, तोही मेटाडेटात.

व्हॉल्यूम रेंडरिंगला (अर्धपारदर्शक त्रिमितीय चित्रांना) ताळेबंद लागू करायचा नाही, असं ठरलं. पारदर्शकता आपण हातानं रचतो, तिच्यातून वस्तुमान परत मिळवता येत नाही. अशा चित्रांवर 'मोजमापासाठी नाही' असा शिक्का.

२५ फेब्रुवारी

आर-२००, म्हणजे ज्या त्रिज्येच्या आत हॅलोची सरासरी घनता क्रांतिक घनतेच्या (विश्व सपाट असायला लागणाऱ्या घनतेच्या) २०० पट असते ती. एक लाख कोटी सूर्यवस्तुमानाच्या हॅलोची, आजच्या क्रांतिक घनतेच्या २०० पट घेऊन, त्रिज्या २११ किलोपार्सेक यायला हवी. (एच ०.६७७४, क्रांतिक घनता घन किलोपार्सेकला सुमारे १२७ सूर्यवस्तुमान.) हा आकडा आता चाचणीत कोरलेला आहे. ३१० च्या आसपास उत्तर आलं तर कुठेतरी लांबीला एच जास्तीचा भागला गेलाय, १४३ आलं तर जास्तीचा गुणला गेलाय. नुसत्या आकड्यावरून दुखणं ओळखू येतं, ते बरं.

४ मार्च

१३ जानेवारीच्या खेळण्यातल्या डेटासेटचा दस्तऐवजी नमुना करून वायटीच्या रिपॉझिटरीकडे पाठवला. सोबत ११ फेब्रुवारीच्या विभेदन-तपासणीचं उदाहरण. परीक्षकांची सूचना रास्त आहे: ६४ ऐवजी १६ ची मूळ ग्रिड घ्या, चाचण्या लवकर संपतात. २.१२५ हे उत्तर ग्रिडच्या आकारावर अवलंबून नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. बदल करून पुन्हा ढकलला.

११ मार्च

उरलेलं काम: तिरक्या दिशेचे प्रक्षेप. घन पेटी फिरवली की तिचा कर्ण बाजूच्या १.७३२ पट असतो. खोली त्याहून कमी दिली की कोपरे कापले जाऊ शकतात आणि मग वस्तुमान कमी भरतं. तो दोष नाही, मागितलं तेवढंच मिळालं. त्यामुळे तुलना पूर्ण पेटीशी न करता त्याच फिरवलेल्या चौकटीतल्या सेलशी करायची. पण चौकटीच्या कडेवर अर्धवट कापलेल्या सेलचं वस्तुमान कसं वाटायचं, हे अजून लिहायचंय. तात्पुरतं प्रत्येक कापलेल्या सेलचे ४ गुणिले ४ गुणिले ४ उपतुकडे करून, ज्यांचा मध्य आत पडतो तेवढे धरतोय. रॅमसेसच्या खोल पातळ्यांवर हे किती वेळ खातं ते उद्याच्या धावेत कळेल.